पेटीतील ग्रंथ आणि पडद्यावरील गणित

विद्या माणसाच्या दाराशी आणून पोचवावी, हा विचार बडोद्याला नवा नाही. आज तेथील एखादा विद्यार्थी, किंवा दिवसभर कारखान्यात राबणारा एखादा तरुण, रात्री घरी संगणक उघडून महाविद्यालयीन कलनशास्त्राचा पहिला पाठ ऐकू शकतो. साधन नवे आहे, यात संशय नाही. पण त्यामागचा प्रश्न जुनाच आहे. दाराशी आलेली विद्या आपोआप घरात शिरते काय?

बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले असल्यामुळे तेथील उच्च शिक्षण इंग्रजीतून चाले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. १८९० मध्ये त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. रंगविद्या, यंत्रविद्या यांसारखे विषय लोकांना त्यांच्या भाषेतून शिकविता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच देशी भाषेत पुस्तके तयार करविण्याचा उद्योगही गज्जरांनी अंगावर घेतला. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू झाला.

वाचावयास शिकलेल्या प्रजेला पुढे वाचावयास काय द्यावयाचे? हा प्रश्न सोडविण्यासाठी महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली आणि त्यांच्या जोडीला फिरती ग्रंथालये आली. निवडक पुस्तकांनी भरलेली पेटी गावी जावयाची, लोकांनी ती वाचावयाची आणि मग तिने परत यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. परंतु नुसती पेटी पाठवून राज्यकर्ते थांबले नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. पेटीतील पुस्तके वाचकाला समजेल अशा भाषेतील असत आणि गावात ती पेटी सांभाळणारा, पुस्तक हाती देणारा कोणी ना कोणी असे. ग्रंथ, भाषा आणि माणूस अशा तीन पायांवर ती योजना उभी होती.

आता कलनशास्त्राकडे वळू. बदलत्या राशींचे गणित ते हे. आपल्या भूमीला त्याचा गंध नव्हता असे नाही. सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा, विचार केला आहे. काशीच्या संस्कृत पाठशाळेतील महाराष्ट्रीय गणिती बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये एक निबंध लिहून ही गोष्ट युरोपीय विद्वानांपुढे मांडली. त्याच्याही आधी 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या विषयावर मराठीत पुस्तक रचले आणि त्याला 'शून्यलब्धिगणित' असे नाव दिले.

ते नाव मोठे मार्मिक आहे. लब्धि म्हणजे भागाकार. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या दोन सेकंदांत सुमारे वीस मीटर खाली येतो. सेकंदांचा वर्ग करून त्याला पाचाने गुणले की अंतर मिळते. आता बरोबर दुसरा सेकंद संपला त्या क्षणी त्याचा वेग किती? पुढच्या दशांश सेकंदात तो २.०५ मीटर जातो, म्हणजे सरासरी वेग २०.५. पुढच्या शतांश सेकंदापुरते पाहिले तर वेग येतो २०.०५. काळ जसजसा आखडावा तसतसा हा आकडा विसाच्या जवळ सरकतो. अंतर शून्याकडे जाते, काळही शून्याकडे जातो. पण त्यांचा भागाकार मात्र शून्य होत नाही. तो वीस या निश्चित संख्येकडे जातो.

नवशिका नेमका येथेच अडखळतो. काळ शून्याच्या जवळ न्यावयाचा, पण शून्य मानावयाचा नाही, हे कसे? वर्गात अशा वेळी शिक्षकाला समोरचा चेहरा दिसतो. तो थांबतो आणि दुसरे उदाहरण घेतो. पडद्यावरील अध्यापकाला चेहरा दिसत नाही, त्याचा पाठ पुढे जातच राहतो.

म्हणून हे शिक्षण कमी प्रतीचे, असे मात्र म्हणवत नाही. २००३ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्थांची व्याख्याने घरबसल्या मिळू लागली. २०१७ मध्ये 'स्वयम्' ही शासकीय व्यवस्था सुरू झाली. २०२० च्या महामारीत तर अवघ्या देशाची महाविद्यालये पडद्यावर गेली. नामांकित अध्यापकाचा पाठ विनामूल्य मिळावा आणि न समजलेला भाग दहा वेळा मागे नेऊन ऐकता यावा, हे भाग्य पूर्वीच्या विद्यार्थ्याला कोठे होते? नोकरी करणाऱ्याला किंवा घरात अडकलेल्या गृहिणीला तर ही मोठीच सोय आहे.

पण बडोद्याचे ते तीन पाय आठवावे. आज ग्रंथाचा पाय भक्कम झाला आहे. भाषेचा पाय अजून लंगडतो. पाठ बहुधा इंग्रजीत असतात आणि जांभेकरांनी घातलेला पाया मराठी उच्च गणिताने पुरता उभारला नाही. माणसाचा पाय तर पुष्कळदा विसरलाच जातो. गणित ऐकून येत नाही, ते कागदावर करूनच येते. आणि चुकलेले पाऊल दाखविणारा जवळ असला तर आठवड्याची अडचण घटकेत सुटते.

यासाठी फार मोठा खर्च नको. गावच्या वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ अशा विद्यार्थ्यांना जागा द्यावी. गणिताच्या एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाने तेथे बसावे. फळ्यावर मराठीत, गुजरातीत शंका सोडवाव्यात. पेटी उघडून देणारा तो जुना ग्रंथपाल नव्या रूपाने परत आला, तर घराघरांतील हे पडदे खऱ्या अर्थाने शाळा होतील. नाही तर विद्या दाराशी येईल, थोडा वेळ थांबेल आणि आल्या वाटेने निघून जाईल.