मंडळीतला पाळक

मराठी ख्रिस्ती मंडळींत धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात. मेंढपाळाच्या कामावरून आलेला हा शब्द साधा, पण त्यात एक अट दडलेली आहे. पाळकाला आपल्या कळपाची भाषा आली पाहिजे आणि कळपाला त्याचा आवाज ओळखता आला पाहिजे. असा माणूस पाठशाळेत घडवावा कसा, या प्रश्नाचा इतिहास अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, चांगला पाहावयास मिळतो.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईस उतरले आणि 1831 मध्ये नगर येथे मिशनचे ठाणे झाले. आरंभी मंडळीचा कारभार परदेशी मिशनऱ्यांच्याच हाती होता. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना नगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही ब्राह्मण कुळांत जन्मलेले व नगरच्या मंडळीतच वाढलेले. परक्याच्या हातचा धर्मोपदेश ऐकणाऱ्या मंडळीस आपला पाळक लाभला.

त्याच सुमारास अमेरिकेतील मूळ मिशन-संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा, पाळकाचे वेतन स्वतः द्यावे आणि धर्मप्रसारही स्वतःच करावा, हा त्यांचा आग्रह. त्याच विचाराने त्यांनी इंग्रजी शिक्षणाऐवजी देशी भाषेतील शिक्षणावर भर दिला. या धोरणाला दोन बाजू होत्या. मराठीतून शिकलेला पाळक खेड्यातील माणसाच्या जवळ राहिला, हे खरे. परंतु ज्या भाषेतून त्या काळी ज्ञान व प्रतिष्ठा मिळत होती, तिचे दारही त्याच्यापुढे अर्धवट बंद झाले. मंडळी स्वतंत्र व्हावी म्हणून घेतलेला निर्णयही मंडळीला न विचारता परदेशी पुढाऱ्यांनीच घ्यावा, यातील विसंगती विसरण्यासारखी नाही.

1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर नगरच्या परिसरातील खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती मंडळी वाढू लागली. या मंडळींत मुख्यत्वे दलित समाजातील कुटुंबे होती. त्यांच्यासाठी पाळक हवे होते. 1878 मध्ये रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी नगरला ईश्वरविद्येची सेमिनरी स्थापिली. ह्यूम यांचा जन्म मुंबईचा, त्यामुळे हा देश त्यांना परका नव्हता. पवित्र शास्त्राचे अध्ययन वर्गात होई. परंतु शोकाकुल घरी काय बोलावे, भांडण कसे मिटवावे, गरीब मंडळीच्या घासातून आलेले वेतन कोणत्या मनाने स्वीकारावे, हे धडे पुस्तकात कोठून असणार? ते मंडळीच शिकवीत असे.

याच सेमिनरीत नारायण वामन टिळक अध्यापन करीत. 1895 मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1904 मध्ये त्यांस दीक्षा मिळाली. ख्रिस्ती उपासनेने अभंगाचे व कीर्तनाचे रूप घ्यावे, ही त्यांची तळमळ. मराठी मनापर्यंत पोहोचण्याचा मार्ग तुकोबांच्या वाटेने जातो, अशी त्यांची धारणा होती. पण वेतनाचा व अधिकाराचा जुना प्रश्न त्यांनाही सुटला नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मिशनच्या पगारी चौकटीबाहेर, देशी वळणाची ख्रिस्तभक्ती उभी राहावी, हा त्याचा हेतू. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते कार्य अपुरे राहिले.

नगरची ती सेमिनरी पुढे पुण्यास गेली आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र या नावाने तिची परंपरा चालू राहिली. पाळकाला ज्ञान पाठशाळा देते. पण ‘हा आमचा’ असे म्हणण्याचा अधिकार मंडळीचाच असतो. 1854 मध्ये नगरच्या मंडळीस आपले दोन पाळक मिळाले, तेव्हा या अधिकाराचा उदय झाला. तो पुरता वापरता यावा, यासाठीच पुढील साऱ्या खटपटी झाल्या.