बारशाचं गोड जेवण

आमच्या वऱ्हाडात नवसाचा बोकड कापून कंदुरी घालायची जुनी रीत आहे. मी स्वतः मटण खातो, तेव्हा उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण या वादात मला गाडगेबाबा (१८७६-१९५६) आठवतात.

शेंडगावचा हा डेबू, जातीने परीट. वडील झिंगराजी दारूपायी गेले. डेबू दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत वाढला. पुढे मामाची जमीन कर्जापायी सावकाराने गिळली. बारसं म्हटलं की जातभाईंना मटण आणि दारू हवीच, असा तेव्हा रिवाज. डेबूने मुलीच्या बारशाला चक्क गोडाचं जेवण वाढलं! आज किरकोळ वाटतं, पण तेव्हा असं करणं म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणं.

नंतर कीर्तनांतून बाबा दोन गोष्टी सांगत राहिले: देवापुढे मुका जीव मारू नका आणि कर्ज काढून सण करू नका. गंमत म्हणजे नवसाच्या एका बोकडात दोन्ही येतात. म्हणून त्यांची अहिंसा मला सोवळ्यातली वाटत नाही. तिला उधारीचा हिशोब कळत होता.

२०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. बैल वाचला, ठीक. पण कोरडवाहू कपाशीवाल्याने थकलेल्या बैलाला वैरण कुठून घालायची? पूर्वी तो विकून नव्या जोडीला थोडाफार हातभार लागायचा. बाबांनी आधी स्वतःच्या घरची पंगत बदलली आणि मूर्तिजापूरला गोरक्षणही काढलं, म्हणजे जनावरांच्या चाऱ्यापाण्याची सोयसुद्धा पाहिली.