महामंदीच्या काळातील जाहिरात : एका प्रचलित समजुतीची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांच्या वर्गांतून एक विधान जवळजवळ सिद्धान्ताच्या थाटात सांगितले जाते. मंदीच्या काळात जो उत्पादक जाहिरातीवरील खर्च कमी करतो तो मागे पडतो आणि जो धैर्याने तो वाढवतो तो बाजारपेठ जिंकतो, असे हे विधान होय. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा १९३० च्या दशकातील अमेरिकन उद्योगांची उदाहरणे दिली जातात. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर आणि पुन्हा २०२० च्या महासाथीत या उदाहरणांची उजळणी झाली. परंतु ज्या काळातून ती घेतली आहेत त्या काळाचा इतिहास मात्र क्वचितच पाहिला जातो. इतिहासातून उचललेले उदाहरण त्याच्या संदर्भापासून तुटले की त्याची दंतकथा होते आणि दंतकथेवरून काढलेला नियम विद्यार्थ्याच्या हाती देणे हे अध्यापनाच्या दृष्टीने जोखमीचे ठरते.

प्रस्तुत लेखात १९२९ ते १९३८ या कालखंडातील अमेरिकन जाहिरात व्यवसायाचा विचार केला आहे. मंदीने जाहिरातीचे स्वरूप कसे बदलले, यशस्वी मोहिमांच्या यशाची कारणे कोणती आणि या जाहिरातीला समाजाने कसा प्रतिसाद दिला, हे तीन प्रश्न येथे हाताळले आहेत. ओघाने मुंबई आणि महाराष्ट्राशी असलेल्या या इतिहासाच्या दुव्यांचाही उल्लेख केला आहे.

मंदी आणि जाहिरातीचे बदललेले रूप

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील श्रमिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकार झाले होते. याच चार वर्षांत जाहिरातीवरील देशाचा एकूण खर्च निम्म्याहूनही खाली आला. म्हणजे ‘मंदीत जाहिरात वाढवावी’ हा उपदेश त्या काळी बहुसंख्य उद्योजकांनी पाळला नाही, किंवा त्यांना तो पाळता आला नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

हा उपदेश तेव्हा अज्ञात होता असेही नाही. १९२१ च्या अल्पकालीन मंदीतील आकडेवारीच्या आधारे रोलंड वेल यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात १९२७ साली एक लेख लिहिला होता. जाहिरात वाढवणाऱ्या कंपन्यांची विक्री इतरांपेक्षा अधिक वाढली, असा त्याचा आशय होता. जाहिरात संस्थांनी अशा निष्कर्षांचा पुढे भरपूर उपयोग केला. त्यांचे स्वतःचे उत्पन्नच ग्राहकांच्या जाहिरात खर्चावर अवलंबून होते, हे येथे विसरता येत नाही.

खर्च आटला तसा जाहिरातीचा चेहरामोहराही बदलला. १९२० च्या दशकातील मासिकांतून दिसणारी प्रशस्त कोरी जागा, नाजूक रेखाटने आणि संयत मजकूर मागे पडला. त्यांच्या जागी ठळक मथळे, दाट छपाई, छायाचित्रे, किमतींचे आकडे आणि कापून पाठवावयाची कूपने आली. छापील जागेच्या प्रत्येक इंचाने विक्री करून दाखवावी, अशी जाहिरातदारांची अपेक्षा होती.

वाचक नेमके काय वाचतो हे मोजण्याचा ध्यासही याच काळात बळावला. जॉर्ज गॅलप यांच्या वाचक-पाहणीतून रविवारच्या पुरवणीतील चित्रमालिका हा वृत्तपत्राचा अत्यंत वाचला जाणारा भाग असल्याचे दिसून आले. त्यानंतर १९३१ मध्ये जनरल फूड्स कंपनीने आपल्या ग्रेप-नट्स या न्याहारीच्या पदार्थाची जाहिरात चित्रमालिकेच्या स्वरूपात दिली आणि पाहता पाहता साबणापासून दंतमंजनापर्यंत सर्वांनी हा मार्ग अनुसरला. १९३२ मध्ये गॅलप स्वतः यंग अँड रुबिकम या जाहिरात संस्थेत दाखल झाले. पुढे निवडणूक-पाहणीमुळे जगप्रसिद्ध झालेल्या या संशोधकाच्या कारकिर्दीचा एक महत्त्वाचा टप्पा असा मंदीतील जाहिरात व्यवसायात घडला.

नभोवाणी आणि गृहिणी

या काळातील सर्वांत दूरगामी प्रयोग नभोवाणीवर झाला. १९३० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सुमारे ४० टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता आणि दशकाच्या अखेरीस हे प्रमाण दुपटीच्या आसपास गेले. सिनेमाचे तिकीट परवडत नसले तरी घरातील रेडिओ ऐकण्यास वेगळे पैसे पडत नव्हते.

सिनसिनाटी येथील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ऑक्सिडॉल या धुण्याच्या पुडीसाठी ‘मा पर्किन्स’ ही दैनंदिन श्रुतिका प्रायोजित केली. ऑगस्ट १९३३ मध्ये ती स्थानिक केंद्रावर सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये देशभर ऐकू येऊ लागली. लाकडाची वखार चालवणारी एक विधवा आणि तिचे कुटुंब हा तिचा विषय होता. दुपारी घरकाम करणारी स्त्री ही तिची श्रोती. ही मालिका १९६० पर्यंत, म्हणजे २७ वर्षे चालली. साबण कंपन्यांच्या आश्रयामुळे अशा मालिकांना जे ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले ते आज मराठीतही रुळले आहे.

श्रोत्यांना फुलांच्या बियांसारख्या लहानशा भेटी देऊ करण्यात येत आणि त्यासाठी मालाच्या खोक्याचा तुकडा व किरकोळ रक्कम पाठवावी लागे. भेटीचे मोल अल्प होते, परंतु आलेल्या पत्रांच्या संख्येवरून श्रुतिका किती जण ऐकतात याचा अंदाज कंपनीला मिळत असे. म्हणजे करमणूक, जाहिरात आणि बाजार-संशोधन ही तिन्ही कामे एकाच उपक्रमातून साधली जात होती.

मात्र या कंपनीला जाहिरातीत सातत्य का राखावेसे वाटले, याचे उत्तर केवळ धैर्यात शोधता येणार नाही. घाऊक व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि त्यामुळे होणारे उत्पादनातील चढउतार टाळण्यासाठी कंपनीने १९२० पासून किरकोळ दुकानदारांना थेट माल देण्यास प्रारंभ केला होता. १९२३ मध्ये तिने आपल्या कामगारांना वर्षातून किमान ४८ आठवडे कामाची हमी दिली. अशा हमीसाठी कारखाना बारमाही चालला पाहिजे आणि त्यासाठी मागणीही बारमाही हवी. जाहिरात हा या संपूर्ण व्यवस्थेचा एक सांधा होता. शिवाय मे १९३१ मध्ये नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र जबाबदार चमू असावा असे टिपण लिहिले. पुढे व्यवस्थापनशास्त्रात प्रतिष्ठा पावलेल्या ब्रँड-व्यवस्थापनाचे मूळ या टिपणात सापडते.

केलॉग आणि पोस्ट : कथेची दुसरी बाजू

मंदीतील जाहिरातीचे सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण म्हणजे केलॉग आणि पोस्ट या न्याहारीच्या पदार्थांच्या उत्पादकांमधील स्पर्धा. पोस्टने खर्चात कपात केली, केलॉगने जाहिरातीचा खर्च दुप्पट केला आणि १९३३ पर्यंत त्याचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, असे सांगितले जाते. तांदळाच्या कुरमुऱ्यांसारख्या राइस क्रिस्पीज या पदार्थाचा दुधात पडल्यावर होणारा आवाज आणि त्यावरून निर्माण केलेली स्नॅप, क्रॅकल व पॉप ही पात्रे या मोहिमेची ओळख बनली.

या कथेत तथ्य आहे, परंतु ती अपुरी आहे. राइस क्रिस्पीज हा पदार्थ १९२८ मध्येच बाजारात आला होता. नवा आणि तुलनेने स्वस्त माल हाती असल्याने जाहिरातीला सांगण्यासारखे काही होते. १ डिसेंबर १९३० पासून केलॉगने बॅटल क्रीक येथील कारखान्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या, जेणेकरून अधिक माणसांना काम मिळावे. ही पद्धत काही विभागांत १९८५ पर्यंत टिकली. कंपनीच्या यशातून हा घटक वगळून केवळ जाहिरातीला श्रेय देणे उचित नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. पोस्ट म्हणजे १९२९ नंतरची जनरल फूड्स. चित्रमालिकेतील जाहिरातीचा उपर्युक्त प्रयोग करणारी कंपनी हीच होय. १९३२ मध्ये मॅक्सवेल हाउस कॉफीसाठी ‘शो बोट’ हा गाजलेला संगीतप्रधान कार्यक्रम आणि १९३४ मध्ये जेल-ओ साठी विनोदी नट जॅक बेनी यांचा कार्यक्रम तिनेच प्रायोजित केला. तेव्हा एक कंपनी जागी होती आणि दुसरी झोपी गेली, हे चित्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

जे टिकले नाहीत त्यांची साक्ष

यशस्वी कंपन्यांवरून नियम काढताना बुडालेल्या कंपन्या विचारात न घेणे, हा या विषयावरील लेखनातील मोठा दोष आहे. मोटार उद्योग त्यादृष्टीने उद्बोधक ठरतो. १९३२ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ गाडीसाठी स्टर्लिंग गेचेल यांनी केलेली मोहीम सर्जनशीलतेचा नमुना मानली जाते. ग्राहकाने फोर्ड, शेवरले आणि प्लिमथ या तिन्ही गाड्या पाहूनच निर्णय घ्यावा, असे आवाहन खुद्द वॉल्टर क्रायस्लर यांच्या छायाचित्रासह केले होते. प्रतिस्पर्ध्यांच्या पंक्तीत स्वतःला बसवण्याची ही युक्ती यशस्वी झाली आणि प्लिमथचे स्थान उंचावले.

परंतु याच उद्योगात जॉर्डन ही कंपनीही होती. तिचे संस्थापक नेड जॉर्डन यांनी १९२३ मध्ये लिहिलेली काव्यात्म जाहिरात मोटारींच्या जाहिरातींच्या इतिहासात आजही अभ्यासली जाते. ती कंपनी १९३१ मध्ये बंद पडली. कलात्मक जाहिरातींसाठी नावाजलेली पिअर्स-ॲरो ही आलिशान मोटार १९३८ मध्ये इतिहासजमा झाली. दोहोंकडेही कल्पकतेची वाण नव्हती. वाण होती ती अशा गाड्या घेऊ शकणाऱ्या ग्राहकांची. साबण, न्याहारी, स्वस्त मोटार यांची गरज मंदीतही उरते आणि तेथे जाहिरात ग्राहकाला एका मालाकडून दुसऱ्याकडे वळवू शकते. नाहीशी झालेली क्रयशक्ती मात्र ती निर्माण करू शकत नाही.

भीतीचे भांडवल आणि समाजाचा प्रतिकार

या काळातील कल्पकतेला एक काळी कडाही आहे. श्वासाच्या दुर्गंधीमुळे विवाह मोडला, घामाच्या वासामुळे नोकरी गेली, अशा आशयाच्या जाहिराती १९२० च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. मंदीत त्यांची धार वाढली. लक्षावधी लोक अर्थव्यवस्थेच्या अपयशामुळे बेकार झाले असताना त्यांचे दुर्दैव त्यांच्या वैयक्तिक उणिवेतून उद्भवले, असे त्यातून सूचित होत होते. रोलंड मर्चंड यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथात या काळातील जाहिरात हा समाजाचा आरसा असला तरी प्रतिमा विकृत करणारा आरसा होता, अशी मांडणी केली आहे.

समाजाने हे निमूटपणे स्वीकारले नाही. १९३१ मध्ये निघालेल्या ‘बॅलिहू’ या विडंबनपर मासिकाने जाहिरातींची यथेच्छ टर उडवली आणि अल्पावधीत त्याचा खप दहा लाखांवर गेला. कॅलेट व श्लिंक यांचे ग्राहकांना प्रयोगशाळेतील गिनीपिगांची उपमा देणारे पुस्तक १९३३ मध्ये गाजले. स्वतः जाहिरात मजकूर-लेखक राहिलेल्या जेम्स रॉर्टी यांनी १९३४ मध्ये या व्यवसायाची कठोर समीक्षा केली. १९३६ मध्ये कन्झ्युमर्स युनियन ही ग्राहक संघटना स्थापन झाली. १९३७ मध्ये एका विषारी औषधामुळे शंभराहून अधिक जणांचा बळी गेल्यानंतर जनमत तीव्र झाले. १९३८ च्या व्हीलर-ली कायद्याने फसव्या जाहिरातींवर कारवाई करण्याचे फेडरल ट्रेड कमिशनचे अधिकार वाढवले आणि त्याच वर्षी अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा कायदा संमत झाला. मंदीतील जाहिरातीचा वारसा सांगताना या चळवळीचा उल्लेख टाळणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

मुंबई आणि महाराष्ट्रातील दुवे

या घडामोडींचे पडसाद मुंबईतही उमटले. जे. वॉल्टर थॉम्पसन या अमेरिकन संस्थेने जनरल मोटर्सच्या कामाच्या निमित्ताने १९२९ मध्ये, म्हणजे महामंदीच्या उंबरठ्यावर, मुंबईत कार्यालय उघडले. १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली. मात्र ग्रामीण भारताची स्थिती भिन्न होती. १९२८ ते १९३४ या काळात गव्हाच्या किमती सुमारे ५० टक्क्यांनी उतरल्या आणि शेतकऱ्यांना घरातील सोने विकावे लागले.

शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या उद्योगसमूहाचे उदाहरण या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे. आपल्या मालाची माहिती देण्यासाठी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले आणि त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ यांची जोड मिळाली. ‘मा पर्किन्स’प्रमाणे येथेही स्त्री-वाचकाची दखल आहे, पण ती केवळ ग्राहक म्हणून नव्हे, तर विचार करणारी व्यक्ती म्हणून घेतलेली आहे. हा फरक मराठी अभ्यासकांनी अधिक बारकाईने तपासण्यासारखा आहे.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे म्हणता येते की मंदीत यशस्वी ठरलेल्या मोहिमांमागे परवडणारा व गरजेचा माल, आर्थिक बळ आणि उत्पादनाची स्थिर व्यवस्था होती; जाहिरातीने या बळाला वाचा दिली. जाहिरात वाढवली म्हणून कंपनी सुस्थितीत राहिली, की सुस्थितीत असल्यामुळे ती जाहिरात वाढवू शकली, हा कार्यकारणभावाचा प्रश्न केवळ खर्च आणि विक्री यांच्या आकड्यांवरून सुटत नाही.

अलीकडील एक उदाहरण याला पूरक आहे. जानेवारी २००९ मध्ये ह्युंदाई कंपनीने अमेरिकेत जाहीर केले की गाडी घेतल्यापासून वर्षभरात ग्राहकाची नोकरी गेली तर ती परत घेतली जाईल. त्या वर्षी तेथील मोटारींची एकूण विक्री पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली असता ह्युंदाईची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. या वाढीला इतरही कारणे असतील, परंतु या मोहिमेचा गाभा आकर्षक शब्द हा नव्हता, तर ग्राहकाच्या भीतीचा काही भार कंपनीने स्वतः उचलणे हा होता. १९३० च्या दशकात अनेकांनी त्याच भीतीला डिवचून माल विकला होता. वर्गात मंदीतील जाहिरात शिकवताना किती खर्च केला या प्रश्नाबरोबरच भीतीचे ओझे कोणी कोणाच्या खांद्यावर टाकले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे या इतिहासाच्या आधारे सुचवावेसे वाटते.