सरकारी जाहीर नोटीस : कुठे लागते, हरकतीला किती दिवस मिळतात आणि काय बदलायला हवं

पनवेल : महामार्ग असो, नैनाची नगररचना योजना असो की साधा वारसाचा फेरफार, जमिनीचं काम सुरू होतं ते नोटिशीने. नोटीस फलकावर लागते, पेपरात येते. पण बऱ्याच शेतकऱ्यांना कळतं तेव्हा मुदत निघून गेलेली असते. तुम्ही नोटीस वाचली का, हे सहसा कोणी विचारत नाही. दिवस मोजतात ते प्रसिद्धीच्या तारखेपासून. म्हणून कोणती नोटीस कुठे बघायची, हे माहीत असलेलं बरं.

भूसंपादन

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत, जिल्हाधिकारी, प्रांत व तहसील कार्यालयात आणि सरकारी संकेतस्थळावर द्यावी लागते. हरकतीला ६० दिवस मिळतात. या अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जमिनीचा खरेदी-विक्री व्यवहार करता येत नाही.

राष्ट्रीय महामार्गाला १९५६ चा वेगळा कायदा लागतो. त्यात हरकतीला फक्त २१ दिवस आहेत. त्यामुळे नोटिशीवर कायद्याचं नाव आणि कलम आधी बघा.

नैना आणि नगररचना योजना

नैना क्षेत्रासाठी १० जानेवारी २०१३ रोजी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नगररचना योजनेत मूळ जमिनीच्या बदल्यात साधारण ४० टक्क्यांचा अंतिम भूखंड मिळतो, आणि तो जुन्या जागेवरच असेल असं नाही. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. आपला भूखंड नकाशात कुठे टाकलाय, हे त्याच मुदतीत तपासायला हवं.

फेरफार

खरेदी, वारस, वाटणी अशा नोंदीची नोटीस तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) चावडीत लावतात आणि हितसंबंध असलेल्यांना लेखी कळवतात. हरकतीची मुदत १५ दिवस. हीच नोटीस मोबाईलवर महाभूमीच्या 'आपली चावडी' पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडून फुकट दिसते. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या भावकीनेही ती महिन्यातून दोनदा बघावी.

घोडं कुठे अडतं

नोटिशी अनेकदा स्कॅन केलेल्या कागदाच्या फाईलमध्ये टाकतात. त्यात गट नंबर शोधता येत नाही, पानंच्या पानं डोळ्यांनी चाळावी लागतात. पेपरातली जाहिरात बारीक अक्षरांत असते, आणि तो पेपर गावात येतोच असं नाही. महसूल, सिडको, महामार्ग, महापालिका, प्रत्येकाची जागा वेगळी.

बदल फार खर्चाचे नाहीत. तालुक्याच्या सगळ्या नोटिशी एकाच ठिकाणी, गाव आणि गट नंबर टाकून सापडतील अशा द्याव्यात. हरकतीची शेवटची तारीख सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत असावी. मोबाईल नंबर नोंदवलेल्या खातेदाराला मेसेज जावा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या 'फेडरल रजिस्टर'मधल्या सूचना विषयवार ईमेलवर फुकट मागवता येतात. आपल्याकडे 'आपली चावडी'ने फेरफारापुरती वाट दाखवली आहे; तीच पद्धत भूसंपादन आणि नियोजनाला लावायची आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सुद्धा हेच सांगतं : माहिती मागण्याआधी, स्थानिक भाषेत आणि लोकांपर्यंत पोचेल अशा मार्गाने द्यावी.

हरकत देताना

- हरकत लेखीच द्या.
- नोटिशीचा क्रमांक व तारीख, गाव, गट नंबर आणि आपला हक्क लिहा. सोबत सातबारा जोडा.
- दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.
- नोटीस फलकावर दिसली नाही, तर त्या दिवशीच फलकाचा फोटो काढा आणि तसा अर्ज द्या.
- सुनावणीला स्वतः जा किंवा वकील पाठवा.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकताना पहिलं पान आणि शेवटची तारीख दोन्ही टाका. नुसता अर्धा फोटो फिरवला तर गोंधळच वाढतो.