संत फर्नांदो राजाची कबर व प्रतिमा

स्पेन देशाच्या दक्षिणेस सेव्हिल नांवाचें पुरातन नगर आहे. तेथील महामंदिराच्या राजप्रार्थनालयांत, देवमातेच्या वेदीच्या पायथ्याशीं, चांदीच्या पेटिकेंत एका राजाचें शरीर ठेविलेलें आहे. कास्तील व लेओन या दोन राज्यांचे स्वामी संत तिसरे फर्नांदो ते हेच. राजांच्या कबरी जगांत पुष्कळ आहेत. परंतु या कबरेच्या वृत्तांतांत आम्हां भाविकांनीं मनन करण्याजोगें कांहीं आहे, म्हणून तो येथें थोडक्यांत सादर करितों.

फर्नांदो 1217 सालीं कास्तीलच्या व 1230 सालीं लेओनच्या गादीवर आले. 1236 त कोर्दोबा, 1246 त हाएन आणि दीर्घ वेढ्यानंतर 1248 च्या नोव्हेंबरांत सेव्हिल, अशीं मुसलमानी अमलाखालील मोठमोठीं नगरें त्यांनीं जिंकलीं. तहाच्या अटींप्रमाणें सेव्हिलच्या मुसलमान रहिवाशांस घरेंदारें सोडून जावें लागलें. हें दुःखही इतिहासांत नमूद आहे, व तें लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. नगरांतील मोठी मशीद ख्रिस्तमंदिर झाली.

तारीख 30 मे 1252 रोजीं त्याच नगरांत फर्नांदो यांनीं देह ठेविला. अंतकाळीं त्यांनीं राजचिन्हें दूर करविलीं, शय्येवरून खालीं उतरून गुडघे टेकले, गळ्यांत दोर घातला आणि क्रूसासमोर आपल्या पातकांची क्षमा मागितली, असें जुन्या इतिवृत्तांत सांगितलें आहे. ज्यानें एवढीं नगरें जिंकलीं, तो देवापुढें अपराध्याप्रमाणें उभा राहिला!

त्यांचा पुत्र दहावा आल्फोन्सो, ज्यास इतिहास ‘ज्ञानी’ म्हणतो, याची पितृभक्ति मोठी होती. त्यानें देवमातेच्या मूर्तीसमोर पित्याची प्रतिमा बसविली. ती सिंहासनावर आरूढ, राजवस्त्रांनीं व रत्नांनीं सजलेली अशी होती. हातांत तरवार आणि बोटांत मौल्यवान अंगठी होती. पुत्राच्या मनांत पित्याचा गौरव करावयाचा होता, यांत संशय नाहीं.

परंतु याच आल्फोन्सोच्या दरबारांत पवित्र मरियेच्या गीतांचा जो प्रसिद्ध संग्रह तयार झाला, त्यांतील 292 व्या गीतांत एक विलक्षण कथा आहे. ज्या कारागिरानें ती अंगठी घडविली, त्याच्या स्वप्नांत फर्नांदो राजे आले. देवमातेच्या बरोबरीनें उंच स्थानीं बसणें आपणांस उचित नाहीं, आपली प्रतिमा तिच्यापुढें गुडघे टेकलेली असावी आणि अंगठी तिच्याच बोटांत घालावी, कारण राज्य आपणांस तिच्याकडून व तिच्या पुत्राकडून मिळालें, असा त्यांचा निरोप होता. स्वप्नाचा निर्णय आम्ही करीत नाहीं. मात्र ज्या पुत्रानें पित्यास सिंहासनावर बसविलें, त्याच्याच संग्रहांत हा निरोप जपला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें काय झालें? चौदाव्या शतकांत त्याच वंशांतील राजा पेद्रो यानें प्रतिमांवरील जडजवाहीर काढून नेलें. जुन्या मशिदीच्या जागीं नवें महामंदिर उभें राहिलें. 1579 सालीं राजाचें शरीर नव्या प्रार्थनालयांत आणिलें गेलें. ती सिंहासनस्थ प्रतिमा आज उरलेली नाहीं.

उरले आहेत ते शिलालेख. लातिन, कास्तीली, अरबी व हिब्रू अशा चार भाषांत राजाचा मृत्युलेख कोरलेला आहे, आणि त्याच्या सत्यनिष्ठा, औदार्य, सहनशीलता व नम्रता या गुणांचें वर्णन त्यांत आहे. कास्तीली लेख स्पेनच्या जुन्या गणनेचें 1290 वें वर्ष देतो, अरबी लेख हिजरी 650 आणि हिब्रू लेख सृष्टीच्या उत्पत्तीपासून 5012 वें वर्ष देतो. देशाचें नांवही प्रत्येक लेखांत त्या त्या लोकांचें आहे: हिब्रूंत सेफाराद, अरबींत अल्-अंदलुस. पुढें 1492 त यहुदी लोकांस, व 1609 पासून मुसलमानांच्या बाप्तिस्मा घेतलेल्या वंशजांस, देशाबाहेर घालविण्यांत आलें. तरी त्यांच्या पूर्वजांचीं अक्षरें राजाच्या कबरेवरून कोणीं पुसलीं नाहींत.

पोप दहावे क्लेमंट यांनीं 1671 सालीं फर्नांदो यांच्या भक्तीस मान्यता दिल्यावर भाविकांनीं पुनः चांदी वाहिली. हल्लींची पेटिका 1719 सालीं पुरी झाली व 1729 सालीं शरीर तींत ठेविलें गेलें. तथापि तिचें स्थान पहा! ती देवमातेच्या समोर नव्हे, बरोबरीनें नव्हे, तर तिच्या चरणांशीं आहे. पांचशें वर्षांनीं का होईना, स्वप्नांतील राजाची मागणी जणूं पुरी झाली.

प्रिय वाचकहो, ज्युबिलीच्या प्रसंगीं आम्हीही आपल्या पूर्वजांच्या व उपकारकर्त्यांच्या स्मृतीस्तव शिला बसवितों, नांवें कोरतों. हें कृतज्ञतेचें कार्य आहे, तें अवश्य करावें. परंतु तें करितांना एवढा प्रश्न मनांत असावा: ज्यांस आम्ही सिंहासनावर बसवूं पाहतों, त्यांनीं स्वतः कोणतें आसन मागितलें असतें?