इंटरनेटचा सातबारा

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले. पण त्यामुळे कोणाच्या शेताचा गट क्रमांक बदलला नाही. नाव आणि क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा क्रमांक कोणाकडे आहे, हे सातबाऱ्यावरून कळते. इंटरनेटलाही असा सातबारा लागतो.

त्याची सुरुवात साधी होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालावरील सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर व त्यांचे सहकारी ती सांभाळीत. १९८२ मध्ये 'हूइज', म्हणजे 'कोण आहे?', ही विचारणेची पद्धत प्रसिद्ध झाली. पुढे यादी फुगत गेली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विकेंद्रित व्यवस्था मांडली.

भारताला 'डॉट इन' ही ओळख ८ मे १९८९ रोजी मिळाली. तिची नोंदवही मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सांभाळीत असे. नियम कडक होते. २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून हे काम 'निक्सी' या संस्थेकडे आले, नियम सैल झाले आणि पाच वर्षांत नावांची संख्या सहा लाखांवर गेली. २०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' नावेही मिळू लागली. क्रमांकांची वही मात्र वेगळी. आशिया-पॅसिफिकसाठी ती 'एपनिक' ठेवते. भारतातील वाटपासाठी २०१२ मध्ये निक्सीच्या अंतर्गत 'इरिन' हे केंद्र सुरू झाले.

आता गणिताकडे वळू. जुन्या पद्धतीचा क्रमांक ३२ बिटांचा. म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी क्रमांक. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून या क्रमांकांना बाजारभाव आला, आणि मोल आले की चोरही येतात. समजा, एखादी कंपनी बंद पडली, पण वहीत तिचाच ईमेल राहिला. तिच्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपताच भामटा ते नाव विकत घेतो. मग नोंदणीकेंद्राची पत्रे त्यालाच येतात आणि तो मालक बनून बसतो. मालक मेला, वारसांनी फेरफार नोंदवला नाही, तर जमिनीचे जे होते तेच इथे होते.

म्हणून वही सुधारणे हे सततचे काम आहे. जुन्या हूइजचे उत्तर म्हणजे नुसता मजकूर, ठरावीक साचा नसलेला. २०१५ मध्ये ठरलेल्या 'आरडॅप' पद्धतीत उत्तर साचेबद्ध येते आणि कोणाला किती माहिती दाखवावी हेही ठरवता येते. एपनिक २०१९ पासून दर सहा महिन्यांनी तक्रारीच्या ईमेलची पडताळणी करते. उत्तर न आल्यास नोंदीवर तशी खूण होते.

सगळे उघडे ठेवावे तर खासगीपणा जातो. सगळे झाकावे तर हल्ला करणारा संगणक कोणाचा, हे कोणाला विचारणार? हा प्रश्न वर्गात चर्चेला ठेवण्याजोगा आहे. सोबत एक कृतीही करता येईल: आपल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची नोंद काढून पाहावी. तिथला संपर्क आजही कामाचा आहे का? नसेल, तर फेरफार आपल्यालाच नोंदवायचा आहे.