जुन्या फोनची गिऱ्हाइकी : कॅशिफायची वाटचाल

कॅशिफाय हे नाव जाहिरातीतलं. कंपनीची नोंदणी झाली ती 'मानक वेस्ट मॅनेजमेंट' या नावाने. म्हणजे कागदोपत्री हा धंदा कचऱ्याचा! मनदीप मनोचा, नकुल कुमार आणि अमित सेठी यांनी २०१३ मध्ये 'रीग्लोब' या नावाने काम सुरू केलं, तेव्हा डोक्यात ई-कचराच होता. पण कचऱ्यात जायच्या आधीच ज्याला रोख गिऱ्हाईक मिळतं, अशी वस्तू त्यांना लवकरच सापडली. मोबाइल फोन. मग नावही बदललं.

जुन्या फोनचा बाजार त्यांनी शोधला असं मात्र नाही. दिल्लीचं गफार मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली बुधवार पेठ इथे तो आधीपासून जोरात होता. फोन हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि विचारायचं, 'बॉक्स आहे? बिल आहे?' नाही म्हटलं की भाव खाली. डिस्प्ले बदललेला दिसला की आणखी खाली. विकणाऱ्याला आपल्या फोनची किंमत ठाऊक नसायची, दुकानदाराला ती पक्की ठाऊक असायची. ओएलएक्स, क्विकर आल्यावर गिऱ्हाईक घरबसल्या मिळू लागलं, पण घासाघीस तीच राहिली, तीही अनोळखी माणसाशी. गुरुग्रामच्या या कंपनीने वेगळं केलं ते इतकंच, की फोन स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली. ॲपवर चार प्रश्नांची उत्तरं द्या, आकडा बघा, माणूस घरी येऊन फोन घेऊन जाईल.

गोळा झालेले फोन सुरुवातीला जात मात्र घाऊक व्यापाऱ्यांकडेच. ज्या दुकानदारांशी स्पर्धा, तेच गिऱ्हाईक.

या धंद्याची खरी मेख पुढेच आहे. जुना फोन विकणं सोपं, मिळवणं अवघड. ॲपलने वापरलेले आयफोन भारतात आणून विकण्याची परवानगी मागितली होती. केंद्र सरकारने ती २०१६ मध्ये नाकारली. त्यामुळे माल येणार तो आपल्याच घरांतून. आणि आपल्या घरात फोन सहजी बाहेर पडत नाही. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे, आईचा आजोबांकडे, त्यांचा कपाटाच्या खणात, 'असू दे, लागेल कधी' म्हणून. माझ्या मते कॅशिफायचा सगळ्यात चिवट प्रतिस्पर्धी हा खणच.

म्हणून जिथे माणूस नवा फोन घेतो, तिथेच जुना काढून घ्यायचा. २०१७ मध्ये शाओमीच्या एक्स्चेंज योजनेमागे कॅशिफाय उभी राहिली, ती याच हिशेबाने. पुढे इतर ब्रँडही आले. शांघायच्या आयहुईशौ या जुन्या उपकरणांच्याच धंद्यातल्या कंपनीने कॅशिफायमध्ये पैसे गुंतवले.

एवढ्यात बडी मंडळी उतरली. फ्लिपकार्टने ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद केलं आणि त्याच महिन्यात नूतनीकृत वस्तूंसाठी 'टूगुड' काढलं. ॲमेझॉनचं 'रिन्यूड' होतंच. जानेवारी २०२२ मध्ये फ्लिपकार्टने 'यंत्रा' ही याच क्षेत्रातली कंपनी विकत घेतली. नव्या फोनच्या पानावरच जुन्याचा भाव दाखवता येणं ही त्यांची मोठी सोय. त्याच वर्षी जूनमध्ये कॅशिफायने न्यूक्वेस्ट आणि प्रोसस या गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर उभे केले. दुकानं वाढवली आणि दुरुस्त केलेले फोन थेट ग्राहकाला विकण्यावर भर दिला. ३२ चाचण्या, सहा महिन्यांची वॉरंटी, आणि 'फेअर', 'गुड', 'सुपर्ब' अशा प्रती. 'फेअर' म्हणजे ओरखड्यांसकट, हे समजून घ्यावं.

गल्लीतला दुकानदार तरीही संपलेला नाही. तो कधीकधी दोन पैसे जास्तच देतो. नोंदणीकृत विक्रेत्याला ठरावीक अटींवर खरेदी-विक्रीच्या फरकावरच जीएसटी भरावा लागतो, पण भरावा लागतो. बिलाशिवाय धंदा करणाऱ्याला तोही नाही. चोरीच्या मालाला मात्र आता चाप बसतो आहे. हरवलेला फोन त्याच्या आयएमइआय या ओळख क्रमांकावरून बंद पाडणारी सरकारी व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर पोहोचली. अशा फोनला गिऱ्हाईक मिळणं कठीण होतं आणि बिल देणाऱ्याचं वजन वाढतं.

एक दुखणं या साऱ्याच क्षेत्राचं आहे: पडद्यावर दिसलेला आकडा दारात आलेल्या माणसाने खाली आणणं. तपासणीत खोट निघाली तर ते रास्त. पण बाजारातल्या 'बॉक्स आहे का?'ची आठवण व्हावी इतकं ते होत असेल, तर ग्राहक खणाकडेच वळणार. भांडवल कितीही असो, या बाजारात टिकेल तो पहिला आकडा पाळणारा.

विकणाऱ्यांनी फोन देण्याआधी गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडून सगळा डेटा पुसावा आणि पावती घ्यावी. घेणाऱ्यांनी *#०६# दाबून आयएमइआय काढावा, तो 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तपासावा आणि मगच पैसे मोजावेत.